घरची अशांतता आणि सीमेवरचा आवाज : राज्यकर्ते नेमके कुणाला उत्तर देतात?

मूळ मांडणी (बेळगाव)

घरातला असंतोष आवरेनासा झाला की राज्यकर्ता सीमेकडे बोट दाखवतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला त्याची झळ इतरांच्या आधी लागते. 1982 चा अर्जेंटिना पाहा. महागाई आणि दडपशाहीला कंटाळलेले कामगार 30 मार्चला राजधानीत रस्त्यावर उतरले, लष्करी राजवटीने त्यांना झोडपून काढले आणि तीनच दिवसांनी, 2 एप्रिलला, राजवटीचे प्रमुख जनरल गाल्तिएरी यांच्या सैन्याने ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटांवर कब्जा केला. राजधानीतल्या प्लाझा दे मायो चौकाच्या परिसरात तीनच दिवसांपूर्वी सरकारविरोधी घोषणा घुमत होत्या, तिथेच आता जयजयकार झाला.

आपल्याकडे 2022 च्या अखेरीस याहून वेगळे काय घडले? कर्नाटकात बोम्मई सरकारवर कंत्राटदारांचा 40 टक्के कमिशनचा आरोप होता, पंचमसाली समाजाचे आरक्षण आंदोलन बेळगावच्या अधिवेशनावर धडकत होते आणि निवडणूक काही महिन्यांवर आली होती. महाराष्ट्रात पक्षफुटीतून आलेल्या शिंदे सरकारला स्वतःचे स्थान सिद्ध करायचे होते. अशा वेळी बोम्मईंकडून सांगली जिल्ह्यातील जतच्या गावांवर दावा सांगितला गेला, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्रातील वाहनांवर दगड पडले आणि दोन्ही विधिमंडळांनी डिसेंबरातच सीमाप्रश्नी ठराव केले. असा तणाव वाढला की कोल्हापूरकडची एसटी अलीकडे येत नाही, इकडची बस पलीकडे जात नाही, आणि दवाखान्यासाठी निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला पिशवी सांभाळत वडाप, म्हणजे खासगी प्रवासी गाडी, शोधावे लागते. ठराव करणाऱ्यांपैकी कुणालाही तो त्रास होत नाही.

प्रतिसाद (निपाणी)

आपण सांगितलेला त्रास खरा आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. फॉकलंडची तयारी 30 मार्चच्या मोर्च्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली होती. मोर्च्यामुळे बेटे घेतली, असे म्हणणे म्हणजे तारखांच्या जवळिकीला कारण समजणे होय. 1974 च्या मे महिन्यात देशभर रेल्वे संप चालू असताना 18 तारखेला पोखरणला अणुचाचणी झाली, म्हणून ती संपावरून लक्ष हटवण्यासाठी केली, असेही अनेकजण सांगतात. प्रत्यक्षात तिला इंदिरा गांधींची संमती 1972 मध्येच मिळालेली होती.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. अशांततेपुढे राज्यकर्ते नमतात, याची उदाहरणे आपल्या विवेचनात येतच नाहीत. तेलुगू भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी 1952 च्या डिसेंबरात उपोषणात प्राण सोडले आणि भाषावार राज्यांना अनुकूल नसलेल्या नेहरूंना काही दिवसांत आंध्र राज्याची घोषणा करावी लागली. 2022 च्या नोव्हेंबरात चिनी तरुण कोरे कागद हातात धरून उभे राहिले आणि पुढच्याच महिन्यात तिथले कठोर कोविड निर्बंध सैल झाले. एवढ्या बंदिस्त राजवटीतही. तसेच जतचे पाहा. त्या गावांची तहान कुणा मुख्यमंत्र्याने निर्माण केलेली नव्हती. कर्नाटकात जाण्याची भाषा गावकऱ्यांनी केली, तेव्हाच म्हैसाळ विस्तारित पाणी योजनेबद्दल मुंबईत धावपळ झाली. लोकांच्या प्रत्येक उठावाला पुढाऱ्यांचा डाव म्हटले, तर 1 जून 1986 ला कन्नडसक्तीविरुद्ध छातीवर गोळ्या झेलणाऱ्यांना आपण काय म्हणणार आहोत?

प्रतिसाद (खानापूर)

निपाणीकरांचा शेवटचा प्रश्न मला आतून लागला, तरीही त्यांचे म्हणणे अर्धेच पटते. अशांतता किती तीव्र आहे, यापेक्षा ती कुणाच्या मतपेटीला धक्का देते, यावर राज्यकर्त्याची निवड ठरते. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरवले, आणि 1960 मध्ये मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. 105 हुतात्म्यांचे रक्त त्यामागे होतेच, पण दिल्लीला हिशेब समजला तो मतांच्या भाषेत. उलट, 2018 आणि 2023 या दोन्ही विधानसभा निवडणुकांत सीमाभागातील आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. मग सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ निघणाऱ्या 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीची बंगळूरुने दखल का घ्यावी? आपल्यातील फुटीबद्दल बोलायला आपण कचरतो, याचे मला फार वाईट वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर (बेळगाव)

1986 च्या हुतात्म्यांचा उठाव कुणाचा डाव होता, असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. लोकांचे दुःख खरे असते. ते कुठल्या दिशेला वळवायचे, हे मात्र पुढारी ठरवतात. फॉकलंडची योजना आधीपासून तयार असेल, पण ती त्याच आठवड्यात अमलात आणण्याची घाई का झाली, याचे उत्तर निपाणीकरांनी दिलेले नाही. खानापूरकरांचा मतपेटीचा मुद्दा मला स्वीकारावासा वाटतो, परंतु तो माझ्याच बाजूने जातो : ज्यांची मते हातची गेलेली नसतात, त्यांच्यासाठी राज्यकर्ता काही करत नाही, आणि उरलेल्यांसमोर सीमेचा आवाज चढवणे त्याला स्वस्त पडते.

प्रतिसाद (निपाणी)

स्वस्त पडते, हेच तर खरे नाही. 14 जूनला अर्जेंटिनाचे सैन्य शरण गेले आणि गाल्तिएरींची खुर्ची त्याच आठवड्यात गेली. पोखरणनंतर तीनच आठवड्यांच्या आत जयप्रकाशांनी पाटण्यात संपूर्ण क्रांतीची हाक दिली. सीमेवरचे ठराव करूनही बोम्मई सरकार 2023 च्या मे महिन्यात पडले, कारण मतदाराने महागाई आणि भ्रष्टाचार यांचाच हिशेब मागितला. 1966 मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केले, त्याच वर्षी सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. अहवाल आपल्याविरुद्ध गेला, तरी केंद्राला प्रश्नाची दखल घ्यावी लागली होती. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लवकर सुनावणीला यावा, ही मागणी घेऊन सीमाभागातील सगळे गट एकत्र रस्त्यावर उतरले, तर मुंबई आणि दिल्ली दोघांनाही बोलावे लागेल, असे मला अजूनही वाटते.