वडिलांसाठी मिस्सा: बौद्ध-ख्रिस्ती घरात एवढं चालतं का?

नागपूरची_वसईत
माहेर बौद्ध, सासर कॅथलिक. बिशपांची परवानगी काढून लग्न चर्चमध्ये लागलं, पण मी धर्म बदललेला नाही. बारा वर्षं नीट चाललंय. हॉलमध्ये एका भिंतीवर क्रूस, समोर बुद्धमूर्ती. मेणबत्त्यांचा पुडा मात्र दोघांत एकच.

गेल्या वर्षी बाबा गेले. जलदान विधीला, म्हणजे आमच्याकडे माणूस गेल्यावर करतात त्या विधीला, सासूबाई नागपूरला आल्या. पांढरी साडी नेसून शेवटपर्यंत बसल्या. पंचशील म्हटलं नाही, पण हात जोडलेले होते. वसईला परतल्यावर हळूच म्हणाल्या, "बाबांच्या आत्म्यासाठी एक मिस्सा सांगू?" मिस्सा म्हणजे चर्चमध्ये फादर करतात ती उपासना. ज्या माणसाने आम्हाला जन्मभर आत्मा नाही म्हणून शिकवलं, त्याच्यासाठी! तरी मी हो म्हटलं. भावाने दोन महिने माझा फोन घेतला नाही.

मला वाटतं, या दोन धर्मांची तत्त्वं जुळत नाहीत आणि ओढूनताणून जुळवूही नयेत. एकमेकांच्या दुःखात बसता आलं की घरापुरतं पुष्कळ झालं. तुम्हाला काय वाटतं?

निळी_पहाट
तुमचं चुकलं. सासूबाईंचं नाही, त्यांनी विचारलं तरी. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर घेतलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान करणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. मेलेल्यासाठी पुजाऱ्याकडून काही करवून घ्यायचं, यातूनच तर आपण बाहेर पडलो. झगा बदलला म्हणून ते वेगळं होत नाही. बाबासाहेबांनी 1950 च्या 'महाबोधी' नियतकालिकातल्या लेखात हाच फरक दाखवलाय: येशू स्वतःला देवाचा पुत्र म्हणवतो, बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही.

जुनं_बावखल
मी वसईचाच, कॅथलिक. मिस्साला पिंडदान म्हणणं पटत नाही. तिथे मृताला काही खाऊ घालत नाहीत, त्याला देवाच्या दयेवर सोपवतात. बाप्तिस्मा न झालेल्या माणसासाठीही मिस्सा अर्पण करता येते, तेव्हा सासूबाईंनी नियम मोडलेला नाही.
माझी तक्रार वेगळी आहे. येशूला 'चांगला गुरू' म्हणून बुद्धाशेजारी बसवलं की घर शांत राहतं, पण पुनरुत्थान गळून पडतं. ते गळालं तर आमच्याकडे उरलं काय? आणि मिश्र विवाहात कॅथलिक जोडीदाराने मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी होईल तेवढं करण्याचं वचन दिलेलं असतं. त्याबद्दल ताई गप्प आहेत.

उगाच_शंका
निळी_पहाट, मग जलदान म्हणजे काय हो? 'इतो दिन्नं पेतानं उपकप्पति', इथून दिलेलं मृतांना पोचतं, हे आपणच म्हणतो ना? पाणी ओतता ओतता?
(जाता जाता: बुद्धाची गोष्ट भाषांतरं होत होत युरोपात पोचली आणि बोधिसत्त्वाचा 'संत जोसाफात' झाला. शतकानुशतकं 27 नोव्हेंबरला त्याचं स्मरण व्हायचं. चर्चला पत्ताच नव्हता.)

निळी_पहाट
शंका रास्त आहे. गाथेत तसं आहे खरं. आमच्या विहारात भन्तेजी त्याचा अर्थ कृतज्ञता असाच सांगतात, आणि पुष्कळ घरी आता त्या दिवशी वह्या-पुस्तकं वाटतात. पण गाथा म्हणायची आणि अर्थ बदलायचा, ही पळवाट आहे, हे मान्य.

कोर्टकचेरी
तुम्ही आत्म्यावर भांडताय, मुलीच्या जातीच्या दाखल्याचं बघा. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले. ख्रिश्चन दलित अजून बाहेर. तुमच्या घरात बाप्तिस्मा हा फक्त श्रद्धेचा प्रश्न नाही.

नागपूरची_वसईत
बावखल, गप्प नाही. नवऱ्याने वचन दिलं, मी ते ऐकलं, तरी मुलीचा बाप्तिस्मा झालेला नाही. यावर आमच्याकडे दर ईस्टरला भांडण होतं. जुळलंय असं मी कुठे म्हटलं? दाखल्याचं वकिलांना विचारलंय.
मिस्साचं पुढे असं झालं: मी सासूबाईंना बाबांचं मत सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, फादरांना द्यायच्या मिस्साच्या चिठ्ठीवरचं 'आत्म्यासाठी' खोडलं आणि 'आठवणीसाठी' लिहिलं.

निळी_पहाट
'आठवणीसाठी' असेल तर माझा आक्षेप मागे. भावालाही हे सांगा. पण फादरांनी वाचलं काय?

नागपूरची_वसईत
'आत्म्यासाठी'. सवयीने.