रॉक-मेटलसाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार, बजेट २८ हजार (सांगली)

विश्रामबाग_११

नमस्कार. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षं साधी अकूस्टिक वाजवतेय. बार कॉर्ड नीट लागतात, पॉवर कॉर्डही बसलेत. पण मला वाजवायचंय मेटॅलिका, आयर्न मेडन, ब्लॅक सबाथ आणि आपल्याकडचे ब्लडीवूड. उजव्या हाताच्या कडेने तारा दाबून तो भरीव 'धग् धग्' आवाज काढायला गेले की अकूस्टिक नुसती पाटीवर टिचकी मारल्यासारखी वाजते.

दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन २८ हजार जमवलेत. त्यातच गिटार, अँप, केबल सगळं बसवायचंय. परवा एका दुकानात गेले तर त्यांनी काळी, टोकदार, लॉकिंग ट्रेमोलोवाली (दांडा दाबून सूर वरखाली करता येणारी) गिटार हातात दिली. 'मेटल वाजवायचं तर हीच.' किंमत २४ हजार. अँपला जोडून ऐकवा म्हटलं तर अँप बिघडलाय म्हणाले. गिटार इतकी देखणी होती की अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

घ्यावी का? माझे हात लहान आहेत, त्याने काही अडेल का? आणि आमचं घर जुनं आहे. मैत्रिणीची इलेक्ट्रिक एकदा इथे जोडली होती, तर वाजवायच्या आधीच 'घूंऽऽ' सुरू. तारांना हात लावला की कमी व्हायचं, सोडला की परत. तो दोष गिटारचा की घराचा?

कराडचा_बेसवाला

यामाहा पॅसिफिका ११२ बघ. ब्रिजजवळ (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बाकी दोन सिंगल कॉइल. पिकअप म्हणजे तारेची थरथर पकडणारा भाग. ब्लूजपासून मेटलपर्यंत सगळं निघतं. दिसायला साधी आहे, पण माझ्या भावाकडे नऊ वर्षं आहे आणि अजून कुरकुर नाही. हाताच्या आकाराची काळजी सोड. इलेक्ट्रिकची मान अकूस्टिकपेक्षा बारीकच असते.

रिवाइंडिंग_तासगाव

ताई, मी गिटार शिकवत नाही. तासगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. द्राक्षबागांच्या पाणबुडी मोटारी भरतो. गणपतीच्या आधी आसपासच्या बेंजो पार्ट्या पिकअप दुरुस्तीला येतात, तेही करतो. बावीस वर्षं रात्री दुकान बंद करून मेटल वाजवतोय. त्यामुळे जे सांगतो ते तांब्याच्या तारेच्या बाजूने सांगतो.

आधी पिकअप. लोहचुंबकाभोवती बारीक एनॅमल वायरचे हजारो वेढे, एवढाच तो प्रकार. साधारण ०.०६ मिलिमीटरची तार, केसासारखी. मोटारीची तार आपण हाताने ओढतो, ही तार श्वास जोरात सोडला तरी हलते. वर लोखंडी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. पण घरातल्या वायरिंगमध्ये ५० हर्ट्झची एसी फिरत असते, तिचं क्षेत्रही तीच कॉइल पकडते. सिंगल कॉइलचा घूं आवाज तो हा. मेटलसाठी तुम्ही गेन (अँपमध्ये सिग्नल वाढवून आवाज फाटवायचं बटण) वाढवणार, म्हणजे सुराबरोबर घूंसुद्धा वाढणार.

हमबकरमध्ये दोन कॉइल शेजारी शेजारी. दुसरीचे वेढे उलटे आणि चुंबकाची बाजूही उलटी. तारेचा सिग्नल दोन्हींतून एकमेकांत मिळतो, बाहेरची घूं एकमेकांना खोडते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हे बसवलं. मी पहिल्यांदा एक हमबकर उघडून पाहिला तेव्हा दुकानात एकटाच उठून उभा राहिलो होतो. रोज मोटारीत वेढ्यांची दिशा चुकली तर मोटार घुरघुरते, आणि इथे मुद्दाम दिशा उलटी करून घुरघुर घालवलेली.

म्हणून ब्रिजजवळ हमबकर पाहिजेच. त्यावर तडजोड करू नका.

आता ती काळी गिटार. ताई, घेऊ नका. गिटार वाईट असेल असं नाही, पण तुमच्या आत्ताच्या गरजेला ती आडवी येईल. तरंगत्या ट्रेमोलोत ब्रिज दोन ओढींच्या मधे उभा असतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. तुम्ही जाड सहावी तार ईवरून डीला उतरवली, म्हणजे ड्रॉप डी केलंत, की पुढची ओढ कमी होते, स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. त्या सारख्या कराव्यात तर सहावी परत हलते. वर नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) लॉकिंग, म्हणजे प्रत्येक वेळी ॲलन की काढा. सरावाला मिळालेला एक तास ट्यून करण्यात जातो.

हे माझ्यावर बेतलंय. माझी पहिली इलेक्ट्रिक अशीच होती, एका दुकानातून घेतलेली, स्वस्तातला ट्रेमोलो. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर दुसऱ्याच गाण्यात एक तार तुटली. एक तार गेली की सगळ्याच बेसूर होतात हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. पुढे गावातली माणसं बसलेली, वडील पहिल्या रांगेत. मी गिटार खाली ठेवून उतरलो आणि सहा महिने हात लावला नाही. तुमचे ते सहा महिने वाया जाऊ नयेत म्हणून एवढं लिहितोय.

फिक्स ब्रिज घ्या. आयबानेझची जीआरजी १२१ डीएक्स बघा. दोन हमबकर, फिक्स ब्रिज, २४ फ्रेट. नवी बजेटबाहेर जात असेल तर जुनी चालेल. जुनी गिटार घेताना मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेबाहेर येतात, हाताला करवतीसारखी लागतात. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा, सगळ्या, कंटाळा करू नका. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक ट्यूनरवर एकच दिसला पाहिजे. थोडा फरक ब्रिजच्या स्क्रूने जातो. स्क्रू टोकाला जाऊनही फरक राहिला तर ती गिटार सोडा.

लाकूड कुठलं यावर डोकं खपवू नका, या किमतीत त्याने फार फरक पडत नाही. सगळे पैसेही गिटारवर घालू नका. दोन-तीन हजार सेटअप आणि तारांना बाजूला ठेवा आणि हेडफोन लागेल असा लहान मॉडेलिंग अँप (एकातच वेगवेगळ्या अँपचे आवाज काढणारा) घ्या. भंगार अँपवर चांगली गिटारसुद्धा पत्र्यासारखी वाजते.

घराची घूं. तारांना हात लावल्यावर कमी होते म्हणजे तुमचं अंगच आजूबाजूची घरघर पकडून पिकअपपर्यंत नेतंय, आणि तारांतून ते जमिनीला जोडलं की शांत होतं. इतपत असतंच. पण जुन्या घरात सॉकेटला अर्थिंगचं भोक असतं आणि मागे वायरच नसते, हे मी रोज बघतो. वायरमन बोलावून तपासा. अँपची तिसरी पिन कधीही काढू नका. तारांना हात लावल्यावर बारीक मुंग्या आल्या तर त्या क्षणी बंद करा. सेटिंगने सुटणारी गोष्ट नाही ती, जिवाशी खेळ आहे.

हात लहान असण्यावर एकच. ब्लॅक सबाथचे टोनी आयोमी डावखुरे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तार दाबायचा हात तोच. त्यांनी स्वतः टोपणं बनवून बोटांना लावली, हलक्या तारा घातल्या, पुढे गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. आज ज्या जड आवाजामागे आपण आहोत त्यात त्या दुखऱ्या बोटांचा वाटा आहे.

कराडचा_बेसवाला

पॅसिफिकालाही ट्रेमोलो असतो हे सांगायचं राहिलं. भावाने मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज बॉडीला टेकवून टाकलाय, म्हणून त्रास नाही. रिवाइंडिंगदादांचं बरोबर आहे, फिक्स मिळत असेल तर फिक्सच.

मिरजेची_जवारी

एक भर घालते. मिरजेत आमच्या घरी सतार-तानपुऱ्याचं काम चालतं. २०२४ मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. हल्ली गिटारवाली मुलंही बाबांकडे येतात, बहुतेक नटसाठी.

ट्यून करताना खुंटी फिरवली आणि सूर हललाच नाही, मग एकदम 'टिंग' होऊन पुढे उडी मारून बसला, असं झालं तर तार नटच्या खाचेत अडकतेय. स्वस्त गिटारीत हे फार दिसतं आणि लोक खुंट्या बदलत बसतात. बाबा खाचेत आधी पेन्सिलचं शिसं घासतात. त्याने गेलं नाही तर बारीक कानस, दोन हात मारायचे, तार लावून ऐकायचं, परत दोन हात.

आणि मोकळी तार सतारीसारखी झणझणत असेल तरी खाचच बघा. सतारीच्या घोडीला वरचा भाग सपाट असतो, तार थरथरताना त्या सपाटीला अलगद शिवत राहते, ती जवारी. गिटारच्या नटची खाच फ्रेटबोर्डच्या बाजूला उंच हवी आणि खुंट्यांकडे उतरती. उलटी घासली गेली की नको तिथे जवारी लागते. बाबा हे आवाजावरूनच ओळखतात, हात लावायच्या आधी.

विश्रामबाग_११

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं स्टेजवरचं वाचून मी काल रात्रीच ठरवलं. जीआरजी १२१ डीएक्स जुनी मिळाली, इचलकरंजीत एका मुलाकडे, त्याला पुण्यात नोकरी लागली म्हणून विकत होता. १४४ जागा दाबून वाजवल्या, तो बिचारा चहा करून आणेपर्यंत माझ्या ९० झाल्या होत्या. तिसऱ्या तारेला अगदी तसाच 'टिंग' आहे, बाकी काही नाही. फ्रेटची टोकं गुळगुळीत. कॉलेजच्या लॅबमधल्या स्टीलच्या पट्टीने बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची मोजली, अडीच मिलिमीटर.

वायरमनही येऊन गेला. माझ्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग नव्हतंच. नुसतं भोक. आईने ते बघितलं आणि पूर्ण घराचं करून घ्या म्हणाली.

मिरजताई, शनिवारी नट घेऊन आले तर चालेल का? आणि तारा कुठल्या जाडीच्या घालू, १०-४६ की १०-५२ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तार)? ड्रॉप डी वाजवायचंय.

मिरजेची_जवारी

ये की. पूर्ण गिटार घेऊन ये, नुसता नट काढून आणू नकोस. आणि ज्या तारा वापरणार त्याच लावून ये, खाच त्यांच्या जाडीची करावी लागते.

रिवाइंडिंग_तासगाव

मग शनिवारच्या आत १०-४६ घाला. ड्रॉप डीला पुरतात. सहावी तार हाताला ढिली वाटली, जोरात मारल्यावर सूर क्षणभर वर जाऊन खाली आला, तर पुढच्या वेळी १०-५२. अडीच मिलिमीटर जरा उंच आहे, दोनवर आणा. पण आधी नट, मग मान सरळ आहे का ते, शेवटी ब्रिजची उंची. ट्रस रॉडला (मान सरळ करायची आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याच्या वर हात लावू नका, आणि फिरवल्यावर एक रात्र तशीच राहू द्या.