दंड भरून मिटवलेली जुनी केस आणि जर्मनीचा वर्क व्हिसा, फॉर्ममध्ये काय लिहू?

शिरोली_सीएनसी
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, डिप्लोमा मेकॅनिकल, शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर नऊ वर्षं काढली. दोन वर्षं ड्युटी करून जर्मन शिकलो, बी१ लेव्हलची परीक्षा पास झालो आणि आता तिकडच्या एका मशीन शॉपचं ऑफर लेटर आलंय. घरात सगळे खूश आहेत पण मला आठ दिवस झोप नाही.

२०१४ ची गोष्ट, तेव्हा मी वीस वर्षांचा. शाहू स्टेडियमवर मॅच होती, आमच्या पेठेचा संघ हरला, बाहेर पडताना गेटजवळ शिवीगाळ झाली, मग ढकलाढकली, मग हाणामारी. कुणाला मोठं लागलं नाही पण पोलिसांनी दोन्हीकडची मिळून सात-आठ पोरं उचलली आणि केस झाली. दोन वर्षं तारखा केल्या. सुट्टी टाकायची, सकाळपासून बाकावर बसायचं आणि चार वाजता कळायचं की पुढची तारीख पडली. शेवटी २०१६ ला वकील म्हणाले कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. भरला. पाचशे का काय होता, साध्या मारहाणीचं ३२३ कलम होतं असं आठवतंय. कागद एकपण नाही माझ्याकडं.

२०१९ ला पासपोर्ट काढला, तिथं शिक्षेबद्दल विचारलेलं, 'नाही' लिहिलं, पासपोर्ट आला. आता व्हिसाच्या फॉर्ममध्ये सरळ विचारलंय, जर्मनीत किंवा दुसऱ्या देशात शिक्षा झालीय का, झाली असेल तर कुठं, कधी, कशासाठी आणि किती. एजंट म्हणतोय 'नाही' टाक, एवढं जुनं कोण बघतंय. खरं लिहिलं तर जातंय सगळं हातचं आणि खोटं लिहायला हात धजत नाही. कुणी यातनं गेलं असेल तर प्लीज सांगा.

गंगावेसकर
भावा टेन्शन घेऊ नको. आधी पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढ, पासपोर्टच्या साईटवर अर्ज, ५०० रुपये फी, आपल्या कोल्हापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट केंद्रात अपॉइंटमेंट मिळती का बघ नाहीतर पुण्याला. पोलीस स्टेशनवरून रिपोर्ट जातो. पीसीसी क्लीन आलं तर तुझ्यावर काही नाही असाच अर्थ झाला की, मग 'नाही' लिहायला काय हरकत आहे? माझ्या मेव्हण्याचं असंच झालं, तो दुबईला आहे आज.

बावडा_वकील
वरच्या दादांचा हेतू चांगला आहे पण हा सल्ला कृपा करून घेऊ नका. मी कोल्हापुरात फौजदारी कामं करते, वर्षाला दोन-तीन तरी पोरं याच प्रश्नाने रडकुंडीला येऊन समोर बसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी 'मिटवली' हा शब्द सोडा. कोर्टात किमान तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक 'मिटली' म्हणतात. ३२३ सारख्या कलमात फिर्यादीने तडजोड केली तर जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम ३२० प्रमाणे तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. ती शिक्षा नाही. दुसरं म्हणजे प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट १९५८ खाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडणं, त्यात गुन्हा शाबीत धरलेला असतो. आणि तिसरं, कबुली देऊन दंड भरणं. ही शिक्षा आहे, दंड दहा रुपये असला तरी. तुमचं बहुतेक तिसरं दिसतंय, पण बहुतेकवर फॉर्म भरायचा नाही.

म्हणून सगळ्यात आधी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जाऊन निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. केस नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या साईटवर नाव आणि वर्ष टाकून शोधा, सोळा अंकी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा ओळख क्रमांक) मिळाला तर सोपं जातं, जुन्या केसमध्ये नाही मिळाला तर पोलीस स्टेशनला गुन्हा रजिस्टर नंबर विचारा. उशीर करू नका, किरकोळ केसचं रेकॉर्ड काही वर्षांनी नष्ट करतात. तसं झालं असेल तर नष्ट केल्याचं कोर्टाकडूनच लेखी घ्या, तोही कागद चालवता येतो. कागदच नाही म्हणून हात हलवत जाऊ नका.

पासपोर्टबद्दल काळजी नको. तिथला शिक्षेचा प्रश्न मागच्या पाच वर्षांतल्या दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेच्या शिक्षेबद्दल असतो आणि दुसरा चालू केसबद्दल. २०१९ ला तुमची केस चालू नव्हती आणि कैद तर झालीच नव्हती, म्हणजे तिथलं 'नाही' खरं होतं. व्हिसाचा प्रश्न तसा नाही. तिथं वर्षांची मर्यादा नाही आणि शिक्षा किती मोठी याचीही नाही. पीसीसीचंही तेच, पोलिसांनी काय लिहून दिलं हा एक मुद्दा आणि तुम्हाला फॉर्ममध्ये काय विचारलंय हा पूर्ण वेगळा.

अजून एक. 'केस रेकॉर्डवरून काढून देतो' म्हणणारे भेटतील, पैसे देऊ नका. सज्ञान माणसाची शिक्षा पुसून टाकायची सोय आपल्याकडे नाही. कबुली दिली असेल तर अपीलसुद्धा जवळजवळ बंद असतं. घटनेच्या वेळी वय अठराच्या आत असतं तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा बाल न्याय कायद्याचं संरक्षण मिळालं असतं.

टोरांटोत_कागलकर
मी कागलचा, सध्या कॅनडात. माझी केस दारू पिऊन गाडी चालवल्याची, २०१२ ची, दंड झालेला. इकडच्या फॉर्ममध्ये तर नुसती शिक्षा नाही, कधी अटक झाली का, चार्ज लागला का हेही विचारतात. मी सगळं लिहिलं, निकालाची नक्कल जोडली, दंडाची पावती जोडली, आणि एका पानावर काय झालं आणि त्यानंतर काय केलं ते लिहिलं. माझ्याबरोबर अर्ज केलेल्यांचे व्हिसे आले आणि माझा मात्र अडकून पडला, ते महिने फार वाईट गेले, पण आला.

माझ्याबरोबर रूमवर राहिलेल्या एकाने मात्र लपवलं. त्याची केस माझ्यापेक्षा किरकोळ होती. ती बाहेर कशी आली त्यालाही कळलं नाही, पण खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षं कॅनडाचा दरवाजा बंद. मूळ केससाठी कुणी त्याला अडवलंच नसतं, हे आठवलं की अजून जीव तुटतो. ब्रिटनला तर फसवणूक धरली तर दहा वर्षांपर्यंत बॅन असतो. जर्मनीच्या फॉर्मखाली पण लिहिलेलं असतं बघ, जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर व्हिसा नाकारू किंवा देशाबाहेर काढू, आणि तू त्याच्याच खाली सही करणार. तिकडं जाऊन काही वर्षांनी कायमचं राहायचा अर्ज करशील, पोरं शाळेत असतील आणि तेव्हा हे निघालं तर काय करशील?

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना एक सांगतो, माझं उदाहरण जसंच्या तसं घेऊ नका. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यात टाकलंय, त्यानंतरची केस असेल तर आधी तिकडच्या वकिलाला विचारा.

सिस्टर_इचलकरंजी
मी नर्स आहे, यूकेला. नर्सिंगच्या व्हिसाला गेल्या दहा वर्षांत जिथं जिथं वर्षभर राहिलो तिथला पोलीस दाखला द्यावाच लागतो त्यामुळं लपवायचा प्रश्नच येत नाही. यूकेला बारा महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा असेल तर ते थेट नाकारतात, त्याच्या खाली ते सगळं बघून ठरवतात. जर्मनीचं नक्की मला माहीत नाही. पण दादा, स्पष्टीकरणाच्या पत्रात 'मित्रांमुळं अडकलो, माझी काही चूक नव्हती' असं लिहू नका, कारण कबुली तुमचीच आहे आणि कागदावर ती दिसणारच. झालं ते झालं, वय इतकं होतं, त्यानंतर एकही केस नाही, नऊ वर्षं कामावर आहे, एवढं साधं लिहा.

गंगावेसकर
वकील मॅडम, माझं चुकलं. मेव्हण्याची केस तडजोडीत मिटलेली, आत्ता फोन करून विचारलं. मला फरक माहीत नव्हता. शिरोलीवाल्या भावा, माझं ऐकू नको.

शिरोली_सीएनसी
सगळ्यांचे खूप आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण नक्कल मिळेपर्यंत काही लिहायचं नाही ठरवलं होतं.

ऑनलाईन नाव सापडलं नाही. पोलीस स्टेशनला एका हवालदार काकांनी जुनं रजिस्टर काढून नंबर दिला, चांगला माणूस, चहापण पाजला. मग बावड्याला नक्कल विभागात अर्ज टाकला, कोर्ट फीची तिकिटं लावली आणि अकराव्या दिवशी कागद मिळाला. निकाल अर्ध्या पानाचा. कलम ३२३ नाहीच, १६० आहे, सार्वजनिक ठिकाणी मारामारी. दंड पाचशे नाही, शंभर रुपये, न भरल्यास दोन दिवस साधी कैद. खाली 'दंड भरला' अशी नोंद. मी आठवणीवर फॉर्म भरला असता तर खरं सांगायला जाऊन पण चुकीचंच लिहिलं असतं. बाहेर पार्किंगमध्ये गाडीवर बसून तो कागद चार वेळा वाचला. बारा वर्षं ज्याची भीती बाळगली ते अर्धं पान.

संध्याकाळी वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, लिही खरं, मी येतो मुंबईला तुझ्याबरोबर.

फॉर्ममध्ये 'होय' केलं. कोल्हापूर, २०१६, कलम १६०, शंभर रुपये दंड, भरला. निकालाचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, सिस्टर म्हणाल्या तसं एका पानाचं पत्र लिहिलं. कंपनीच्या एचआर बाईंनापण मेल केला, कारण नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दोन दिवस उत्तर नव्हतं, ते दोन दिवस मशीनवर हात चालेना. तिसऱ्या दिवशी आलं, कळवल्याबद्दल धन्यवाद, व्हिसा ऑफिसला हवं असेल तर आम्ही पत्र देतो. एजंट चिडला, म्हणाला रिजेक्ट झालं तर मला विचारू नको. त्याची उरलेली फी देऊन टाकली, पुढचं मीच बघतोय.

अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसचं दोघांचं तिकीट काढलंय. काय होतंय ते इथंच येऊन लिहितो.

बावडा_वकील
मूळ सही-शिक्क्याची नक्कल तिथे देऊन टाकू नका, झेरॉक्स द्या आणि मूळ फक्त दाखवा. अजून एक नक्कल आत्ताच काढून घरी ठेवा, रेसिडेन्स परमिटच्या वेळी परत लागू शकते.