मदत हवी आहे: २३५/७५ आर १५ टायर बसतील का? शनिवारी दुकानात जायचंय

देवगडी
चारही टायर गोटा झालेत. दुकानदार म्हणतो २३५/७५ आर १५ ऑल टेरेन (डांबर-माती दोन्हीकडे चालणारे) घ्या, तुमची रिम १५ चीच आहे, बिनधास्त बसतात. गाडी दिसायलाही भरलेली दिसेल आणि चिखलात पकड वाढेल. घासतील का, एवढंच सांगा. शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे, पावसाच्या आत काम उरकायचंय. ब्रँड माझा ठरलाय, त्यावर चर्चा नको.

घाटमाथा
गाडी कुठली? सध्या कुठला साइझ आहे? रिम कंपनीचीच आहे की बाहेरची?

बोलेरोप्रेमी
आर १५ म्हणजे बोलेरोच असणार. कंपनीचा साइझ २१५/७५ आर १५. २३५/७५ ची उंची त्यापेक्षा बरोबर ३० मिलिमीटर जास्त, म्हणजे गाडी १५ मिलिमीटर वर येते. पुढची चाकं पूर्ण वळवून मडफ्लॅपला लागतात का बघा, लागले तर फ्लॅप कापा. रिम ६ इंच रुंद असेल तर बसतात. घेऊन टाका.

देवगडी
बोलेरो नाही हो, जिमनी. आता १९५/८० आर १५ आहेत. रिम कंपनीची अलॉय.

टायरगणित
मग उत्तर बदललं. दुकानदार १५ म्हणतो ती रिमची उंची. टायर कुठला बसेल ते रिमची रुंदी ठरवते आणि तेच त्याने तुम्हाला विचारलेलं दिसत नाही. जिमनीची रिम १५ × ५½ आहे. स्पोकच्या मागे ओतीव अक्षरांत लिहिलेलं असतं, चाक काढून खात्री करून घ्या.

प्रत्येक टायरला रिमची एक ठरलेली रुंदी-मर्यादा असते. २१५/७५ आर १५ ला ५½ ते ७ इंच चालते. २३५/७५ आर १५ ला कमीत कमी ६ लागते. म्हणजे तुमच्या रिमवर २१५/७५ अगदी काठावर का होईना, पण नियमात बसतो. २३५/७५ नियमाबाहेर आहे. चढवला तर चढेल, हवाही धरेल, म्हणूनच दुकानदार "बसतो" म्हणतो. पण अरुंद रिमवर दोन्ही बीड (टायरच्या रिमला धरणाऱ्या कडा) जवळ येतात, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) बाहेर फुगते आणि ट्रेड (जमिनीला टेकणारा पट्टा) मधून घुमटासारखा उचलला जातो. मधला पट्टा लवकर झिजतो, वळणावर गाडी आधी टायरवर झुलते आणि मग वळते. हवा कमी करून खडकावर गेलात तर बीड रिमवरून सुटायची भीती.

उंचीचं गणित (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉल त्या रुंदीच्या किती टक्के उंच, आणि १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी): १९५/८० आर १५ = ३८१ + (१५६ × २) = ६९३ मिमी. २१५/७५ = ७०३.५, म्हणजे दीड टक्का जास्त. २३५/७५ = ७३३.५, म्हणजे जवळजवळ ५.८ टक्के. काटा ८० दाखवत असताना खरा वेग पहिल्या टायरवर ८१ च्या आसपास, दुसऱ्यावर साडेचौऱ्याऐंशी. तेही काटा आता अचूक आहे असं धरून.

रानगवा
एवढं घाबरवू नका. ऑस्ट्रेलियात जिमनीवर २३५/७५ सर्रास चालतात. देवगडी, सरळ ७ इंची रिम घ्या, दोन इंच लिफ्ट करा (सस्पेन्शन उंच करा), २३५ टाका. ५½ च्या रिमवर अडून बसायचं कारणच नाही. वर आलेली गाडी दगडाला टेकत नाही, हा फायदा २१५ मध्ये मिळत नाही.

टायरगणित
रानगवा, तिकडे लोक २३५ टाकतात ते बहुतेक रिम बदलून, हे तुम्हीच लिहिलंत. देवगडींचा प्रश्न त्यांच्या रिमवर बसतील का हा आहे. आणि ७ इंची रिम म्हणजे फक्त रिम नाही. कंपनीची ५½ ची रिम ईटी ५ आहे (ईटी म्हणजे रिमचा गाडीला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर, उणे असेल तर आत). समजा ७ इंची रिम ईटी −१० ची मिळाली. आतली कड कंपनीपेक्षा ४ मिमी आत, बाहेरची ३४ मिमी बाहेर. चाक मडगार्डबाहेर येतं, चिखल दारांवर उडतो, वजनाची रेषा बेअरिंगपासून लांब जाते. हाच रिम ईटी ० घेतला तर आतून १४ मिमी सरकतो आणि पूर्ण वळणावर टायर पुढच्या लांब आर्मला (अॅक्सल धरणाऱ्या दांड्याला) टेकतो. आर्मवर घासल्याची खूण टायरच्या आतल्या साइडवॉलला पडते. ती बाहेरून दिसत नाही, झोपून बघावी लागते.

रानगवा
घासतं तिथे स्टिअरिंगच्या स्टॉप बोल्टला एक-दोन वॉशर लावतात, वळण थोडं कमी होतं, काम झालं.

घाटमाथा
आणि घाटातल्या हेअरपिनला एका फेरीत वळणारी गाडी मागे-पुढे करावी लागते. शिवाय इंजिन १४६२ सीसी, १३४ न्यूटन मीटर, तेही ४००० आरपीएमला. ५.८ टक्के उंच टायर म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांबला. वर ऑल टेरेनचं जास्तीचं वजन. आंबोलीला तिसऱ्यात चढणारी गाडी दुसरा मागायला लागेल. ऑटोमॅटिक असेल तर चारच गिअर, ती सारखी खाली-वर करेल. देवगडी, मॅन्युअल की ऑटोमॅटिक? गाडी जास्त कुठे चालते? आणि टायर कुठून झिजलेत, मधून की कडेने?

देवगडी
मॅन्युअल. महिन्यातून दोनदा घाट, बाकी डांबर. बागेकडे जाताना शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा, पावसात तिथेच अडकते. टायर मधून झिजलेत. याचा काय संबंध?

स्वाती_पी
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या क्रेटाला २१५/६० आर १७ आहेत. २२५/६० आर १७ टाकले तर?

टायरगणित
स्वातीताई, ६९० वरून ७०२ मिमी, १.७ टक्के. रिमवरचा शिक्का ६ ते ८ इंचांत असेल तर टायर नियमात बसतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आताच्यापेक्षा कमी घेऊ नका. पुढचं हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे मिसळलं की दोघांचाही घोटाळा होईल.

देवगडी, संबंध मोठा आहे. मधून झिजणं म्हणजे हवा जास्त. हवा किती भरता?

देवगडी
पंपावर ३५ सांगतो. सगळेच तेवढीच भरतात.

सुखरूप_प्रवास
साधी हवा सोडा, नायट्रोजन भरा. टायर गरम होत नाही, झीज थांबते.

घाटमाथा
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ३५ चा नायट्रोजन ३५ ची साधी हवा जशी मधून झिजवेल तसाच झिजवणार. प्रश्न आकड्याचा आहे.

देवगडी, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा ३५ च्या खाली आहे. तो टायर थंड असतानाचा. पाच-सात किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर आकडा आपोआप दोन-तीन पीएसआय वर दिसतो, म्हणून हवा घराजवळच्या पंपावर सकाळी भरा. गाडी हलकी आहे, रिकामी १२०० किलोच्या आसपास, पूर्ण भरून १५४५. मोठ्या गाड्यांचा आकडा हिला लावू नका.

नवीन टायरवर खडूची खूण करून बघा. ट्रेडवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड आडवी रेघ ओढा, सपाट डांबरावर शंभर-दोनशे मीटर सरळ जा, उतरून बघा. रेघ मधून पुसली आणि कडांना राहिली तर हवा जास्त. कडा पुसल्या, मध्ये राहिली तर कमी. चारही चाकांवर करा, कारण पुढे इंजिनाचं वजन आहे. स्टिकरच्या आकड्यापासून सुरू करा आणि दोन पीएसआयच्या वर सरकू नका.

लालमाती
लाल मातीचं सांगतो. रुंद टायर म्हणजे चिखलात पकड, हा समज आपल्या जांभ्याच्या मातीत उलटा पडतो. पावसात त्या वाटेवर वर चार बोटं साबणासारखा गाळ आणि खाली कडक थर असतो. अरुंद टायर गाळ कापून खालच्या थरापर्यंत पोचतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. डांबरावरच्या साचलेल्या पाण्यातही तेच. रुंद टायर रेतीत कामाचा, पण आपल्याकडे रेती म्हणजे किनारा, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे.

तुमच्या दीड किलोमीटरला रुंदीपेक्षा ट्रेडच्या खाचा मोकळ्या हव्यात. सध्याच्या टायरच्या खाचा मातीने भरल्या की चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरतं. १९५/८० मध्येच ऑल टेरेन मिळाला तर मी तोच घ्यायला सांगेन.

टायरगणित
लालमाती यांच्याशी सहमत. पण १९५/८० आर १५ मध्ये ऑल टेरेनची निवड कमी आहे. २१५/७५ सहज मिळतो, कारण बोलेरोचा तोच साइझ. ५½ च्या रिमवर तो छापील २१५ इतका रुंदही होत नाही, रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायर साधारण ५ मिमी आकसतो. म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम सात-आठ मिमी वाढ. लिफ्ट नको, कापाकापी नको.

देवगडी
रिम मागून बघितली, १५ × ५½ जेजे लिहिलंय. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो काळजी नको, स्पेसर (चाकामागची चकती) टाकून २३५ बसवून देतो, घासणार नाही.

घाटमाथा
अजिबात नको. स्पेसरने चाक बाहेर जातं, रिमची रुंदी तेवढीच राहते. मूळ अडचण जागची हलत नाही. वर हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) भार वाढतो. जिमनीचं मधलं भोक १०८ मिमीचं आहे, बाजारातला स्पेसर त्यावर नेमका बसला नाही तर सगळा भार नटांवर येतो आणि ७०-८० ला स्टिअरिंग थरथरतं. पुढे सॉलिड अॅक्सल आहे, थोडं बॅलन्सिंग चुकलं किंवा किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचं) बेअरिंग ढिलं असलं तरी ती थरथर हातात येते. लोक स्टिअरिंग डॅम्पर बदलत बसतात, मूळ दुखणं चाकात असतं.

नियमावली
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल करायला बंदी आहे. लिफ्ट, बाहेर आलेली चाकं, स्पेसर या गोष्टी अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या नजरेत पहिल्यांदा येतात.

रानगवा
रिम न बदलता करायचं असेल तर २१५ ठीक. माझा सल्ला रिम बदलणाऱ्यासाठी होता, तो मी मागे घेत नाही.

देवगडी
ठरलं, २१५/७५. आता चार घेतो, स्टेपनी नंतर. चालेल?

टायरगणित
चालेल, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जिमनी पार्ट-टाइम फोर व्हील आहे, मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. ४एच (चारही चाकांना जोर) मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले असतात, म्हणून चारही टायर सारख्या उंचीचे लागतात. स्टेपनी ६९३ ची, बाकी ७०३.५ चे. ती लावलीत तर पंक्चर निघेपर्यंत फक्त २एच (मागच्या दोनच चाकांना जोर), आणि स्टेपनी पुढे. मागे पंक्चर असेल तर पुढचं एक चाक मागे घ्या आणि पुढे स्टेपनी लावा, म्हणजे इंजिनाचा जोर येणारी मागची जोडी सारखी राहते. जमल्यास पाचही एकदम घ्या आणि दर ८-१० हजार किलोमीटरला स्टेपनीसकट फिरवा.

दुकानात: लोड इंडेक्स ९६ किंवा वर (९६ म्हणजे ७१० किलो), वेगाचं अक्षर आताच्या एस पेक्षा खालचं नको. "एलटी" (लाइट ट्रक) लिहिलेला जाड टायर घेऊ नका, या वजनाला तो वाकत नाही आणि गाडी उडते. रबरी व्हॉल्व्ह पाचही नवे. आधी पुढे एकच टायर चढवून गाडी खाली उतरवायला लावा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून आतून बोट फिरेल एवढी जागा आहे का बघा. मगच बाकीचे. नट चांदणीच्या क्रमाने, १०० न्यूटन मीटर, टॉर्क पान्याने. हवेच्या गनने आवळून सोडू देऊ नका. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंटमध्ये पुढचा टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) एवढाच जुळवता येतो. कॅम्बरचे (चाकाच्या उभ्या कलाचे) पैसे मागितले तर देऊ नका, या अॅक्सलला जुळवायला कॅम्बर नाही.

देवगडी
आत्ता दुकानातूनच लिहितोय. पाच टायर काढून ठेवलेत, १००टी (लोड इंडेक्स १००, वेगाचं अक्षर टी) आहे. साइडवॉलवर लंबगोलात ०८२२ लिहिलंय. हीच तारीख ना?

घाटमाथा
हो. आठवा आठवडा, २०२२. जिमनी आपल्याकडे विक्रीला आली जून २०२३ मध्ये, म्हणजे टायर तुमच्या गाडीपेक्षा जुना आहे. पैसे देऊ नका. ताजा लॉट मागवा, पाचही जवळपासच्या आठवड्यातले. तोवर हवा स्टिकरप्रमाणे करून घ्या आणि खाचेतली उंच पट्टी बघा. ट्रेड तिच्या बरोबरीला आला असेल तर १.६ मिमीच उरलंय. तसं असेल तर पावसात घाट नको.

देवगडी
बरोबरीलाच आलाय. दुकानदार म्हणतो बुधवारपर्यंत नवे येतील. अॅडव्हान्स न देता सांगून आलोय, गाडी घरी उभी करतो.