दुहेरी बंध: आधी हिशेब, मग नळी

एक प्रश्न नेहमी येतो, नुसत्या रेणुसूत्रावरून दुहेरी-तिहेरी बंध कळतात का? अर्धवट कळतात. कार्बनची दुप्पट अधिक २, त्यातून हायड्रोजन वजा, उरेल त्याचं अर्धं. हा आकडा म्हणजे दुहेरी बंध आणि कार्बनची कडी मिळून (तिहेरी बंध दोनदा मोजा). हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन वगैरे) हायड्रोजनमध्येच मोजा, अर्धं करण्याआधी दर नायट्रोजनला १ मिळवा, ऑक्सिजनकडे पाहूच नका.

आपल्या जवसाच्या तेलातलं लिनोलेनिक आम्ल घ्या: १८ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. ३८ वजा ३०, अर्धे ४. त्यातला एक आम्लगटातल्या कार्बन-ऑक्सिजनचा, म्हणजे साखळीत ३ दुहेरी बंध. पोरं नेमका तो एक विसरतात. दुसरी गोची कड्याची. ६ कार्बन, १२ हायड्रोजनचं उत्तर १ येतं, पण ते दुहेरी बंधवालं हेक्झीन की कड्याचं सायक्लोहेक्झेन, हे आकडा सांगत नाही.

तिथं परीक्षानळीच लागते. यवतमाळकडच्या आमच्या खेड्यात दुहेरी बंध तपासायचं ब्रोमीन पाणी कुठलं मिळायला! विहिरीत टाकतात ते परमँगनेट फिकं गुलाबी होईस्तोवर पाण्यात विरघळवतो, घाण्याच्या तेलाचे चार थेंब टाकतो अन् दणकून हलवतो. गुलाबी जाऊन तपकिरी गढूळ होतं, म्हणजे दुहेरी बंध आहे. ‘सर, चहा झाला,’ म्हणतात पोट्टे. फक्त अल्डिहाइडही (CHO गट असलेलं संयुग) हा रंग घालवतं, तेवढं सांभाळा.