कालिन्याजवळ परवडणारी खोली मिळेल का?

प्रश्न: मुलीला मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात पदव्युत्तर प्रवेश मिळाला आहे, मात्र सांताक्रूझला तिघींच्या खोलीतील एका खाटेचे भाडे, त्यावर अनामत आणि दलाली ऐकूनच आम्ही साताऱ्याची माणसे गांगरलो आहोत. काय करावे?

प्रतिसाद: डोंबिवलीत पाहा. भाडे बरेच उतरते, विद्यार्थी सवलतीचा पासही निघतो. मात्र सकाळच्या जलद गाडीत पाय ठेवायला जागा नसते, हे लेकीला आधीच सांगा.

प्रतिसाद: अकरा महिन्यांचा करार नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची असून, नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आमच्या मालकांनी रंगकामापोटी निम्मी अनामत कापली, तेव्हा हे ठाऊक नव्हते.