करेरा जीटी की ९१८ स्पायडर? माझं मत करेरालाच

सहावा_गिअर (धागाकर्ता)
पोर्शच्या या दोन गाड्यांत जेमतेम दहा वर्षांचं अंतर. करेरा जीटी २००३ ची, ९१८ स्पायडर २०१३ ची. पहिली १२७० बनली, दुसरी ९१८. संग्राहक दोन्हींवर जीव टाकतात, पण जपून ठेवावी अशी गाडी करेराच, असं माझं ठाम मत.

तिचं ५.७ लिटरचं व्ही-१० (दहा सिलिंडरचं) इंजिन मुळात फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी बेतलेलं. तो प्रकल्प बारगळला आणि इंजिन रस्त्यावरच्या गाडीत आलं. ६१२ अश्वशक्ती, सहा गिअर, तेही हातानं टाकायचे. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, नाहीच. सिरॅमिकचा क्लच इतका छोटा की पायानं जरा घाई केली की गाडी बंद! गिअरची मूठ लाकडी आहे, ९१७ या जुन्या रेसिंग गाडीची आठवण म्हणून. ही गाडी शिकावी लागते. ९१८ मध्ये तुमचं निम्मं काम संगणकच करतो.

वळणवेडा
असहमत. संगणकाचं हे रडगाणं ऐकून कान किटले. ९१८ चं ४.६ लिटरचं व्ही-८ सुद्धा शर्यतीतूनच आलंय, पोर्शच्या आरएस स्पायडर या रेसिंग गाडीच्या इंजिनावरून. ते ९००० आरपीएमच्या वर ओरडतं, ते कुठला संगणक ओरडतो? गाडी हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला दोन विद्युत मोटर, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. मिळून ८८७ अश्वशक्ती. सप्टेंबर २०१३ मध्ये मार्क लीब या चालकानं जर्मनीतल्या नुरबर्गरिंग या ट्रॅकचा लॅप ६ मिनिटं ५७ सेकंदांत मारला. जगभर रस्त्यावर चालवायची परवानगी असलेली कुठलीच उत्पादनातली गाडी तोवर सात मिनिटांच्या आत आली नव्हती. हायब्रिड म्हणजे पेट्रोल वाचवायची सोय, एवढंच लोकांना ठाऊक असताना हे घडलं. संग्रहात गाड्यांच्या जगाची दिशा बदलणारी गाडी हवी.

सहावा_गिअर
लॅपचाच हिशेब असेल तर २०२४ चा घ्या. मिशेलिननं करेरासाठी नवे टायर बनवले आणि यॉर्ग बेर्गमायस्टर हा चालक त्याच ट्रॅकवर ७:१२.६९ मध्ये फिरून आला, वीस वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा सोळा-एक सेकंदांनी कमी. इंजिन तेच, गिअर तेच. गाडीत दम पहिल्यापासून होता, रबर मागे पडलं होतं. आणि वजन? करेरा १३८० किलो, ९१८ जवळपास १७००. हा फरक वळणावर ब्रेक दाबताना कळतो.

रबर_आणि_रस्ता
सहावा_गिअर, टायरचा मुद्दा तुमच्यावरच उलटतोय. कित्येक वर्षं मालकांनी ही गाडी जुन्या टायरवर चालवली, मदतीला स्टॅबिलिटी कंट्रोल नसताना. २०१३ मध्ये 'फास्ट अँड फ्युरिअस'वाला नट पॉल वॉकर जिच्या अपघातात गेला ती करेरा जीटीच होती. तपासात अतिवेग आणि नऊ वर्षांचे टायर ही कारणं पुढे आली. संग्राहकाच्या गाडीचं हेच दुखणं. ती उभी राहते, टायरवरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतलं रबर कडक होऊन जातं. माफ न करणारी गाडी थोर, असं म्हणणं मला पटत नाही.

वळणवेडा
अगदी हेच म्हणायचं होतं. ९१८ चुकीला सावरून घेते, म्हणून मालक ती बाहेर काढतो.

सहावा_गिअर
टायरबद्दल मान्य. करेरा घेणाऱ्यानं आधी टायरवरची तारीख वाचावी, मग किंमत विचारावी. पण उभ्या गाडीचं दुखणं ९१८ लाही आहेच, तिची बॅटरीही म्हातारी होणार. टायर नवे बनले. मोजून ९१८ गाड्यांसाठी तीस वर्षांनी नवी बॅटरी कोण बनवणार, ते सांगा.